मिठूला मनाई, लव्हबर्डला मुभा

पाण्यावरून, पार्किंगवरून, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून आमच्या सोसायटीत भांडणं झाली आणि मिटलीही. माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली ती मात्र सिम्बावरून. सिम्बा हा दुसऱ्या मजल्यावरचा लॅब्राडोर. इतका गरीब, की दूधवाला त्याला ओलांडून दारात पिशवी ठेवतो आणि हा एक डोळा उघडून पुन्हा मिटतो. तरी तो लिफ्टमध्ये शिरला की चौथ्या मजल्यावरचे काका आतून बाहेर येतात, जिन्याचा कठडा धरून उभे राहतात आणि लिफ्ट वर जाईपर्यंत मोठ्याने बोलत राहतात. बोलणं कुणाशीच नसतं. ऐकायचं मात्र सगळ्यांनी असतं.

गेल्या वार्षिक सभेत विषय निघाला आणि ठरलं, की पाळीव प्राण्यांची नियमावली करून फलकावर लावायची. "ताई, तुम्हाला लिहायची सवय आहे, एक पानभर लिहून टाका," सेक्रेटरी म्हणाले. पान तसं तयारच होतं. अशा नियमावल्या व्हॉट्सॲपवर फिरतच असतात आणि सगळ्यांचा मजकूर थोड्याफार फरकाने तोच: कुत्रा लिफ्टने नेल्यास पाचशे रुपये दंड, भुंकण्याच्या तीन तक्रारी आल्यास कुत्रा हलवावा लागेल, भाडेकरूंना प्राणी पाळण्यास सक्त मनाई. खाली शिक्का, सही आणि 'आदेशावरून'.

तेवढं उतरवून मोकळी झाले असते. पण दंड लावायचा तर कोणत्या अधिकाराने, एवढं तरी बघावं म्हणून वाचायला बसले आणि एकातून दुसरं निघत गेलं. सोसायटीचा नियम, त्यावर महापालिकेचा, त्यावर राज्याचा, त्यावर संसदेचा, अशी ही उतरंड आहे आणि आपण ती मनात उलटी रचून ठेवली आहे. सगळ्यात जास्त धाक सोसायटीच्या फलकाचा, ज्याच्यामागे कायद्याचं बळ जवळपास नाही. महापालिकेचा परवाना घ्यायचा असतो, हे निम्म्या कुत्रेवाल्यांच्या गावीही नसतं. आणि ज्या कायद्यात खरोखर तुरुंग लिहिलेला आहे, त्या कायद्याने मना केलेला जीव आपल्या गॅलरीत टांगलेला असतो आणि आपण त्याला डाळिंबाचे दाणे भरवत असतो. पण पोपटाकडे नंतर येते.

भांडण सोसायटीतलं, म्हणून आधी सोसायटी. भारतीय पशु कल्याण मंडळाने 2015 मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सारांश आमच्या काकांना मुळीच आवडला नाही. सभासदांनी बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. कुत्रा मोठा आहे किंवा भुंकतो, हे त्याला बाहेर काढायचं कारण होऊ शकत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. कुत्र्याची घाण मालकाने उचलावी अशी विनंती करता येते, पण सोसायटीने स्वतःच दंड ठरवून तो वसूल करणं त्यात बसत नाही. रस्ता घाण केल्याचा दंड करायचा तर तो महापालिकेने.

"सूचना आहेत, कायदा नाही," काका म्हणाले. मुद्दा चुकीचा नव्हता. पण त्या सूचनांच्या मागे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा उभा आहे, आणि त्याच्या मागे शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलेलं ते मूलभूत कर्तव्य आहे, प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगण्याचं. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्टच सांगितलं, की सोसायटीच्या उपविधीत प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालणारं कलम असेल तर ते बेकायदा. केरळचा निकाल महाराष्ट्राला थेट लागू होत नाही, हे आमच्यातल्या वकिलांनी लगेच निदर्शनास आणलं. आणलंच पाहिजे, नाहीतर वकील कसले. तरी कुणी उद्या कोर्टात गेलं तर वारं कुठल्या दिशेने आहे एवढं तर कळतंच.

याचा अर्थ कुत्रेवाल्यांना रान मोकळं, असा नाही. सिम्बाचे आईबाबा (हो, ते स्वतःला तसंच म्हणवतात) सूचनांची प्रिंट घेऊन सभेत आले होते, पण भारतीय न्याय संहितेचं 291 कलम त्यांनी वाचलेलं नव्हतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. जुन्या दंडविधानात हा दंड एक हजार होता, 1 जुलै 2024 पासून पाचपट झाला. म्हणजे पट्टा न लावता कुत्रा खाली सोडणं हा सोसायटीच्या शिस्तीपुरता विषय राहत नाही. तो कुणाला चावला तर पोलिसांत जातो.

आता महापालिका. नाशिकची महापालिका झाली 1982 मध्ये. तिचा कारभार चालतो 1949 च्या कायद्यावर, जो पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होता. महापालिकेला कशाकशावर कर बसवता येतो याची त्यात यादी आहे. वाहनं आहेत, नाटकगृहं आहेत, आणि कुत्रेही आहेत. कायदा करणाऱ्यांना तेव्हा कुत्रा म्हणजे बंगलेवाल्यांची चैन वाटली असणार. आज वन बीएचकेत हस्की राहतो आणि त्याच्यासाठी एसी चालू ठेवून मालक अंबडला कामावर जातो, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

पाळलेल्या कुत्र्याची महापालिकेकडे नोंद करून परवाना घ्यायचा असतो. त्याला प्रमाणपत्र लागतं रेबीजची लस टोचल्याचं, आणि खरं म्हणजे सगळ्या परवान्याचा जीव त्या एका कागदात आहे. शेजारी देवळाली कॅम्पात गेलात तर राज्य कॅन्टोन्मेंटचं. तिथे वेगळा कायदा. छावणी कायद्यात कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद फार जुनी आहे. नोंदलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला धातूचा बिल्ला, बिल्ल्याशिवाय रस्त्यावर दिसला तर धरून नेणार. साहेब गेला, बिल्ला राहिला. एकाच रिक्षात बसून कुत्रा नाशिकरोडहून कॅम्पात गेला तर वाटेत त्याची नियमावली बदलते, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना!

सिम्बाचं लसीकरणाचं पुस्तक मी मागून घेऊन पाहिलं. तळहाताएवढं, पुठ्ठ्याचं. एक कोपरा त्याने पिल्लू असताना चघळलेला. आत रकाने, आणि प्रत्येक रकान्यात लसीच्या बाटलीवरचं लेबल सोलून तिरकं चिकटवलेलं, त्यावर बॅच नंबर, शेजारी डॉक्टरांची न लागणारी सही आणि पुढची तारीख. पहिलं रेबीजचं लेबल तो तीन महिन्यांचा असतानाचं, पुढे दर वर्षीचं एकेक. पुस्तक चोख. परवाना मात्र नाही. "लस महत्त्वाची, परवान्याने काय होतं?" असं त्याच्या आईचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. लसीने सिम्बा सुरक्षित होतो. पण शहरात कुत्री किती आणि त्यांतल्या किती कुत्र्यांना लस टोचलेली आहे, हे महापालिकेला कळायचं दुसरं साधन कोणतं?

कारण रेबीज म्हणजे गंमत नव्हे. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, जगभरातले अपवाद बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे अजून चावल्या जागी मिरचीपूड किंवा हळद-चुना भरणारी घरं आहेत. करायचं ते इतकं साधं आहे की लोकांचा विश्वास बसत नाही: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बेंबीतल्या चौदा इंजेक्शनांची भीती आमच्या पिढीच्या मनातून काही जात नाही. ती जुनी लस 2004 नंतर देशात बंदच झाली. आता सुई दंडात, आणि चार-पाच वेळा. गल्लीतल्या पोराला कुत्रं चावलं आणि त्याच्या आजीने अजून "चौदा घ्यावी लागतील रे" म्हणून गळा काढला, हे मी कानांनी ऐकलेलं आहे.

बरं, पोपट.

माझं माहेर पंचवटीत, काळाराम मंदिराच्या मागच्या अंगाला. वाड्यात चार बिऱ्हाडं आणि चौघांत मिळून एक मिठू. पिंजरा जोत्याच्या वर आढ्याला टांगलेला, हिरव्या रंगाचे पोपडे उडालेला, तळाला पत्र्याचा सरकता ट्रे. त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची. मिरची तो एका पायात धरून खायचा, बी आधी, साल नंतर, आणि देठ बरोबर खाली बसलेल्याच्या डोक्यात टाकायचा. गोदेला पूर आला, पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीशी लागलं अशी बातमी आली, की वाड्यात आवराआवर सुरू व्हायची आणि माळ्यावर पहिला चढायचा तो पिंजरा. धान्याचे डबे त्याच्यानंतर. मामींना मूलबाळ नव्हतं. त्या रात्री पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकत आणि त्याच्याशी काहीबाही बोलत. त्यांना कुणी सांगितलं असतं की हा गुन्हा आहे, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच पाणी प्यायला देऊन बसवलं असतं, उन्हाने चळला असेल म्हणून.

वन्यजीव संरक्षण कायदा आला 1972 मध्ये. देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर 1990-91 मध्ये पूर्ण बंदी आली. पोपट पूर्वी त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या आणि तो दुसऱ्या अनुसूचीत गेला. दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपला नेहमीचा लाल चोचीचा राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा करण पोपट, मुनिया, मैना, कुठलाही देशी जंगली पक्षी पिंजऱ्यात ठेवता येत नाही. त्यावर कडी म्हणजे कायद्याविरुद्ध धरून ठेवलेला वन्यजीव हा राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. मामी ज्याला बाळ म्हणायच्या तो सरकारी मालमत्ता होता! गोदाघाटावर पत्ते पसरून बसणारे आणि पोपटाकडून तुमचं भविष्य काढून घेणारे ज्योतिषी आठवतात? भविष्य तुमचं निघायचं, गुन्हा मात्र त्यांचा चालू असायचा.

आणि याच गॅलरीत, याच खिळ्याला लव्हबर्डचा पिंजरा टांगा, कुणी काही म्हणणार नाही. आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. कॉकॅटिएल पुन्हा ऑस्ट्रेलियाचा. हे आपल्या जंगलातून धरून आणलेले नसतात, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच निपजतात, म्हणून वन्यजीव कायदा त्यांना अडवत नाही. समोरच्या उंबरावर जन्मलेला पोपट नाशिककर असूनही घरात चालत नाही आणि सातासमुद्रापलीकडचा चालतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे मला शुद्ध वेडेपण वाटलं.

वेडेपण नाही ते. पोपट घरटं करतो झाडाच्या ढोलीत. पिल्लं पंख फुटायच्या आत काढावी लागतात, नाहीतर माणसाळत नाहीत. ती काढणारा हात ढोली मोठी करतो, फांदी तोडतो, आणि पिशवीत कोंबलेल्या पिल्लांतली सगळी बाजारापर्यंत जिवंत पोचत नाहीत. आपण विकत घेतो ते वाचलेलं एक. मामींच्या मायेत खोट नव्हतीच. पण त्या मायेची किंमत कुठल्यातरी जुन्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत आधीच चुकवून झालेली होती, आणि ते वाड्यातून दिसत नव्हतं. कायदा प्रेम मोजत बसत नाही, ढोली मोजतो. मला तरी यात कायद्याचंच बरोबर वाटतं.

परदेशी पक्ष्यांनाही सगळी सूट आहे असं नाही. 2020 मध्ये केंद्राने ज्यांच्याकडे परदेशी प्राणी आहेत त्यांनी स्वतःहून जाहीर करा, सहा महिन्यांत जाहीर केलंत तर कागदपत्रं विचारणार नाही, अशी मुभा दिली होती. पुढे 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातीचा प्राणी घरी असेल तर परिवेश या पोर्टलवर नोंद करावी लागते. आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, इग्वाना असली मंडळी त्यात येतात. बजरीगर आणि कॉकॅटिएल येत नाहीत.

कासवांचा प्रकार तर आणखी वेगळा. वास्तूत कासव ठेवलं की लक्ष्मी टिकते, असं कुणीतरी सांगतं आणि पाठीवर चांदण्या असलेलं कासव चोरून घरी येतं. ते तारा कासव. आपल्या कायद्याने पूर्ण संरक्षित, पाळणं सोडाच, बाळगणंही गुन्हा. दुकानात काचेच्या भांड्यात विकतात ते कानामागे लाल पट्टा असलेलं, अमेरिकेतलं. रुपयाएवढं असतं तेव्हा गोड दिसतं. थाळीएवढं झालं की पाण्याचा वास येऊ लागतो आणि मग एका संध्याकाळी पुण्य म्हणून ते नदीत किंवा तळ्यात सोडलं जातं. तिथे ते इथल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. पुण्य कुणाला लागतं कोण जाणे.

आता सांगायला हरकत नाही: चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीत मिठू आहे. गेली कित्येक वर्षं आहे. त्यांचा मुलगा लहान असताना कुणीतरी आणून दिलेला. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, मिठू राहिला. आम्ही सगळ्यांनी तो पाहिलेला आहे, संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेल्यावर लहान मुलं आधी त्याच्याकडे धावतात. "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो. आणि लिफ्टचं दार उघडं राहिलं की ती बाई बोलते ना, "कृपया दरवाजा बंद करें", तेही हुबेहूब म्हणतो, त्याच आवाजात. लिफ्टमधल्या कुत्र्यावरून सभा डोक्यावर घेणाऱ्या माणसाच्या घरात कायद्याने खरोखर बंदी असलेला सोसायटीतला एकमेव प्राणी राहतो, आणि हे सभेतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. सिम्बाच्या वडिलांच्याही नाही, आणि ते तर मुद्दे शोधतच होते.

मी सभेत बोलले नाही. एका दुपारी वर गेले, काकू एकट्याच होत्या, त्यांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. "म्हणजे सोडून देऊ का गं याला?" हा सगळ्यांचाच पहिला प्रश्न असतो, आणि याचं उत्तर ठामपणे नाही असंच आहे. इतकी वर्षं पिंजऱ्यात काढलेल्या पोपटाला पंखात बळ नसतं, खायचं शोधता येत नाही, मांजर कळत नाही. दार उघडून त्याला आकाशात भिरकावणं म्हणजे मारणंच. वन खात्याला कळवायचं. 1926 या हॅलो फॉरेस्टच्या नंबरवर फोन केला की पुढचं ते सांगतात. असे पक्षी तपासून, उडता येणारे असतील तर तयार करून सोडतात, नसतील त्यांना ठेवून घेतात. स्वतःहून दिलेल्या माणसाशी आणि धाड घालून सापडलेल्या माणसाशी बोलण्याची रीत सारखी नसते, हे साधं व्यवहारज्ञान आहे. काकूंनी नंबर लिहून घेतला. "यांच्याशी बोलते," म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने, "तिकडे याला चहात बुडवलेलं बिस्कीट देतील?" देणार नाहीत, आणि द्यायलाही नको, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

1960 च्या त्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं थोडं सांगायचं राहिलं. नृत्यांगना म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयाचा पाठपुरावा केला, त्यातून हा कायदा झाला. त्यात कुत्रेवाल्यांसाठी दोन ओळी आहेत ज्या मी फ्रिजवर लावून ठेवेन: जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं ही क्रूरता, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हीसुद्धा क्रूरता. वाचून वाटतं, वा. मग शिक्षा वाचावी. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपये ते पन्नास रुपये. 1960 चा आकडा, अजून तोच. पन्नास रुपयांत आता कॉलेज रोडला मिसळसुद्धा येत नाही. पोपट बाळगला तर लाखापर्यंत दंड आणि कुत्र्याला आयुष्यभर दोन फुटांच्या साखळीने बांधला तर पन्नास; इथे मात्र मी कायद्याची बाजू घेणार नाही.

आणि नाशिकात साखळीला आणखी एक अर्थ आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीचा उसाचा पट्टा, दारणेचं खोरं, गोदेचा काठ, हा सगळा बिबट्याचा मुलूख. मळ्यातल्या वस्तीवर रात्री राखणीला बांधलेला कुत्रा हे बिबट्याचं ताटात वाढून ठेवलेलं जेवण. मोकळा असता तर निदान पळाला असता, झाडा-गाड्याखाली शिरला असता. म्हणून जाणते मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा काटेरी पट्टा घालतात, बिबट्या मानेला धरतो म्हणून. हे गावाबाहेरचं झालं असं समजू नये. 2019 च्या जानेवारीत बिबट्या भर दिवसा गंगापूर रोडला, सावरकरनगरमध्ये आला होता, काही जण जखमी झाले. तो शहरात येतो तो भटकी कुत्री, डुकरं आणि कचरा जिथे एकत्र असतात तिथे. रो हाऊसच्या अंगणात रात्रभर कुत्रा बांधून आपण आत कडी लावून झोपतो, तेव्हा राखण कोण कोणाची करतं?

गाई-म्हशींचं तर शहरात आता फार उरलेलंच नाही. नागरी भागात गुरं पाळायला परवाना लागतो, राज्याचा 1976 चा कायदा आहे. कोंडवाड्याचा कायदा त्याहून जुना, 1871 चा, इंग्रजांचा. तरी रविवार कारंज्यावर भाजीच्या गाडीतून मेथीची जुडी ओढून शांतपणे उभी राहणारी गाय कुणाच्याच परवान्यात बसत नाही, आणि तिला हाकलायला हातही उठत नाही. कोंबड्यांविषयी आमच्या सोसायटीत एकच अर्ज आला होता, टेरेसवर चार गावरान ठेवायचा. कोंबडा नको, कोंबड्या चालतील, यावर चर्चा होऊन अर्जदारानेच तो मागे घेतला.

भटक्या कुत्र्यांवर वेगळा लेख लागेल. नियमावलीपुरतं एवढंच, की 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटीने खाऊ घालणाऱ्यांशी बसून जागा आणि वेळ ठरवायची, जिन्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला सांगितलं, की नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली आणि चावरी सोडू नयेत, खाऊ घालणं ठरलेल्या जागीच व्हावं. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे सोडू नयेत असा आदेश दिला. आमच्याकडे जागा ठरली कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे. वॉचमनने आपणहून मातीचं एक परळ आणून ठेवलं पाण्याला.

मसुदा वाचायला विशेष सभा घेतली. दंड सगळे गळाले होते. लिफ्टची बंदी गळाली होती. राहिलं होतं ते असं: रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना यांची प्रत ऑफिसात द्यावी, खाली नेताना पट्टा हातात हवा, घाण उचलावी, ही विनंती, वन्यजीव कायद्याने संरक्षित पक्षी-प्राणी सोसायटीत ठेवू नयेत. शेवटची ओळ वाचताना मी काकांकडे पाहिलं नाही. काकूंनी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "लिफ्टचं काहीच नाही यात?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "विनंती म्हणून तरी घाला. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर विचारून कुत्रा आत घ्यावा." सिम्बाचे बाबा म्हणाले, याला काय हरकत आहे. तेवढी ओळ हाताने समासात लिहिली आणि नियमावली मंजूर झाली.

आता गंमत बघा. समासातली ती ओळ, जिला ना शिक्का ना कलम, सोसायटीत तंतोतंत पाळली जाते. सिम्बाची आई दारात थांबून "काका, येऊ का?" विचारते, काका "या" म्हणतात आणि कोपऱ्यात सरकून छताकडे बघत उभे राहतात. परवान्याची प्रत मात्र ऑफिसच्या फायलीत अजून एकाही कुत्र्याची आलेली नाही. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं राहिलं की गॅलरीतून अजून आवाज येतो, आणि काकू मला जिन्यात भेटल्या की आधीच सांगतात, "नंबर आहे हं माझ्याकडे, डायरीत लिहिलाय."